अकरा दिवस आणि चार सेकंद

डबी दिसायला गोजिरी होती. मुठीत पाखराच्या पिलासारखी बसायची. झाकण आधी दाबायचं, मग दाबलेलंच ठेवून फिरवायचं. लहान मुलाला उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्या माणसाला त्यातली गोळी वेळेवर मिळावी, एवढंच तिचं काम.

आज दुपारी डबीचा आराखडा साच्याच्या कारखान्यात जाणार होता. पोलाद एकदा कोरलं की कोरलं, म्हणून त्याआधी वापरणाऱ्यांकडून चाचणी घ्यायचा नियम होता. अनोळखी माणसं शोधायला वेळ नव्हता. "घरचीच आणा," साहेब म्हणाले होते. पंधरवड्यापूर्वी सगळ्यांनी एकेक नमुना घरी नेला होता, कौतुकाने दाखवायला.

डबीचा आराखडा करणाऱ्या मुलीने मावशीला आणलं. गोदामवाल्याने आईला, ड्रायव्हरने काकूंना, टेलिफोनवरच्या बाईने वडिलांना, आणि साहेबांनी सासऱ्यांना.

पाच जण इस्त्रीचे कपडे करून ओळीने बसले. मांडीवर हात, जन्मभर पिळून, विणून, उचलून थकलेले हात. मुलीने घड्याळ लावलं. कुणी काही शिकवायचं नाही, फक्त बघायचं.

मावशी चार सेकंद. गोदामवाल्याची आई पाच. सासरे तीन, आणि वर झाकण पुन्हा लावून दाखवलं.

"लोण्यासारखं फिरतंय!" म्हणत साहेबांनी साच्याच्या कारखान्याला फोन लावला.

मुलगी चहा देत होती. पाच कप, पाच अंगठे. पाचही अंगठ्यांवर पट्टी.

"मावशी, अंगठ्याला काय झालं?"

"भाजलं."

"आणि ह्या काकूंना?"

"मी काय त्यांच्या स्वयंपाकघरात होते?"

"मावशी."

मावशीने कप खाली ठेवला. "उठले की झाकण, निजले की झाकण. सहा दिवस ते हललं नाही, मीही हलले नाही. अकराव्या दिवशी उघडलं. म्हटलं, उद्या कुणी चारचौघांत उघडायला सांगितलं, तर पोरीचं नाक कापलं जायला नको."

"मग तुझ्या रोजच्या गोळ्या कशात आहेत?"

"वाटीत. त्या भानगडीत कोण ठेवतंय!"

गोदामवाल्याच्या आईने मान डोलावली. त्यांच्या बशीत होत्या.

साहेबांनी फोन कानापासून लांब धरून सासऱ्यांकडे पाहिलं.

"असं बघू नका, जावईबापू. मला तेरा दिवस लागले. तुमच्या सासूबाई घड्याळ धरून बसत होत्या."

फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत होता. मुलीने सात महिने ह्या एका झाकणावर घालवले होते. तिने मावशीच्या नावापुढचे 'चार सेकंद' खोडले, तिथे 'अकरा दिवस आणि चार सेकंद' लिहिलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला.

"साहेब, दुकानातून डबी नेणाऱ्याची भाची इथे कामाला नसते."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं.

"साचा थांबवा," ते फोनमध्ये म्हणाले. "नाही, किती दिवस ते सांगता येणार नाही." मग खुर्ची ओढून बसले. "बरं. झाकण कसं हवं?"

पाचही जण एकदम बोलायला लागले.

"एकेक जण," मुलगी म्हणाली.

"जमायचं नाही," मावशी म्हणाली. "इतके दिवस तुझी भीड होती. आता लिहून घे. पहिलं म्हणजे, हा रंग कुणी निवडला?"