राळ्याची फोलपटं

मालनबाईंनी जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवलेली मातीची ताटली उचलली आणि तिच्यातून बोट फिरवलं. एकही फोलपट लागलं नाही.

चिमण्या राळं सोलून खातात. दाणा गेला तरी फोलपट मागे राहतंच. आणि समोर टॉवरचं काम सुरू झाल्यापासून त्या कधी दहाला येत, कधी पार बाराला. गेले आठ दिवस मात्र पावणेनऊलाच ताटली पुसल्यासारखी लख्ख. संध्याकाळी बघावं, तर तिच्यात फोलपटांचा थर.

"आई, खाल्लं ना पाखरांनी? मग बसा बघू," सून अक्षदा आतून म्हणाली. "गोळीची वेळ झाली."

पाखरांनी टिपल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा मालनबाईंचा अकरा वर्षांचा नेम. शुगरची गोळी सुरू झाली आणि चिमण्यांना एकदम वेळेचं भान आलं, हे काही त्यांना पटेना.

"काकी, तुमच्या चिमण्या घड्याळ बांधून येतत काय वो?" शेजारची दुर्गा कुंपणावरून हसली.

"तू तर नाही ना नेत दाणे?"

"मी कित्याक नेऊ? माझ्या घरात बांगडे आसत!"

दुसऱ्या दिवशी मालनबाई जपाला बसल्या त्या खिडकीच्या फटीशी. साडेआठला अक्षदा बागेत आली. तिने मागे वळून पाहिलं आणि ताटलीतले दाणे डब्यात ओतले.

माळेचा मणी बोटांत तसाच अडकून राहिला. आपल्याच घरात, आपल्याच सुनेने देवाशी खोटं बोलायला लावलं, तेही आठ दिवस!

"आई, खाल्लं हो पाखरांनी!"

मालनबाई पाटावर जाऊन बसल्या. समोर पोहे आले, गोळी आली. त्यांनी कशालाच हात लावला नाही. अक्षदा घाईघाईत पर्स उचलून बाहेर पडली, तशा त्या पुन्हा खिडकीशी गेल्या. आता जाब विचारायचाच.

अक्षदा जास्वंदीपाशी वाकली होती. डब्यातले दाणे ती परत ताटलीत ओतत होती.

"आज पण उपाशीच ऑफिसला?" कुंपणापलीकडून दुर्गाने हळूच विचारलं. "निदान चहा तरी घे गो."

"नको, दुर्गाताई. नेम कुणीतरी पाळायला हवा ना. चिमण्या आल्या की फोन कर, मग डबा उघडीन."

फाटक वाजलं. मालनबाईंनी खिडकीतून जास्वंदीकडे पाहिलं. ताटलीवर अजून एकही पाखरू उतरलं नव्हतं.

मग त्या पाटावर परतल्या. बशीतले अर्धे पोहे त्यांनी अक्षदासाठी दुसऱ्या बशीत काढले, वर झाकण ठेवलं, देवाला हात जोडले आणि पहिला घास घेतला.