आभारप्रदर्शन

नलिनीताईंनी दुपारची गोळी डबीतून काढली, तळहातावर घेतली, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि परत डबीत टाकली. आज द्यायची नाही. ही गोळी चुकवू नका, चुकली की संध्याकाळी आवरणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आवरू नयेतच, असं आज त्यांना वाटत होतं. पाच वाजता मराठी मंडळात भालचंद्ररावांचा सत्कार होता. व्हायचं ते एकदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे.

“अहो, सदरा घालता ना?”

“तो माझा नाही,” भालचंद्रराव म्हणाले. “आपण कोण?”

“मी नलिनी.”

“नलिनी माहेरी गेलीय.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “माझ्या किल्ल्या कुठं ठेवल्यात?”

किल्ल्यांचं निघालं की पुढचं नलिनीताईंना पाठ होतं. आधी किल्ल्या चोरल्याचा आळ, मग दाराच्या कडीशी झटापट, मग हात उचलणं. मंगळवारचा वळ अजून त्यांच्या दंडावर होता. चला, म्हणजे सुरुवात तर बरी झाली, असं मनाशी म्हणत त्यांनी सदऱ्याची बाही नवऱ्याच्या हातात घातली.

सत्कार म्हणे! मागायला गेल्या होत्या काय आणि पदरात पडलं काय.

भालचंद्रराव आगाशे बँकेच्या नोकरीत कोलकात्याला आले ते इथलेच होऊन गेले. डमडमच्या बाजारात त्यांना कुणी परका समजत नसे, इतकी त्यांची बंगाली सफाईदार. मग हा आजार आला आणि माणूस उलटा चालत निघाला. आधी इंग्रजी गेली, मग हिंदी, आणि गेल्या दुर्गापूजेच्या सुमारास बंगालीही पुसली गेली. उरली ती लहानपणची मराठी. त्यांना सांभाळायला येणारी आया बंगालीत काही बोलली की ते घाबरायचे, आणि घाबरले की मारायचे. एकेक करत सगळ्या आया सोडून गेल्या. अशा आजाराच्या लोकांसाठी दिवसा चालणारं एक केंद्र मिळालं. माणसं सोन्यासारखी, पण चारच दिवसांत तिथल्या बाईंनी नलिनीताईंचे हात हातात घेतले.

“मासीमा, आमचं बोलणं त्यांना कळत नाही हो. दिवसभर दाराशी उभे असतात. आम्हालाच बघवत नाही.”

राहता राहिलं बराकपूरचं निवासी केंद्र. तिथे डॉक्टर होते, नर्स होत्या, फाटकाला कुलूप होतं. मराठीचा एक शब्द समजणारं मात्र कुणी नव्हतं. एक खाट रिकामी होती आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. लेक सिद्धेश कॅनडातून म्हणायचा, “आई, तू ठरवशील ते.” एवढं म्हटलं की त्याचं कर्तव्य संपायचं. नलिनीताईंना मात्र ठरवता येत नव्हतं. रात्र रात्र झोप नाही, दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा, गॅस उघडा राहायचा. पण ज्या माणसाला आता एकच भाषा उरलीय, त्याला ती कुणालाच येत नाही अशा जागी ठेवायचं म्हणजे जिवंतपणी भिंतीत चिणायचं, असं त्यांना वाटे.

मग एका दुपारी त्यांना वार आठवले. भालचंद्ररावांचे वडील वार लावून शिकले होते. सोमवारी एकाच्या घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याच्या, असा आठवडा भरायचा आणि गरिबाचं पोर शिकून जायचं. ही गोष्ट भालचंद्ररावांनी मंडळात इतक्यांदा सांगितली होती की ती सगळ्यांना तोंडपाठ होती. नलिनीताईंच्या मनात आलं, आपणही वार लावू. जेवायला नको, नुसतं बसायला. रोज एका घरातल्या एका माणसाने यावं, दोन तास त्यांच्याशी मराठीत काहीही बोलावं. तेवढ्यात त्या शेजारच्या खोलीत झोपतील. तेवढी झोप मिळाली तर त्या बराकपूरला नाही म्हणून सांगणार होत्या.

जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्या बाईने. पण मंडळाच्या कमिटीपुढे त्यांनी अक्षरशः पदर पसरला.

अध्यक्ष श्यामकांत यांनी चष्मा काढून पुसला. कल्पना फार हृद्य आहे, म्हणाले. सरलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चिटणीस मधुरा, कोलकात्यातच जन्मलेली आणि सॉल्ट लेकच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर असलेली, म्हणाली, “काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही सगळे आहोत ना. मी बघते.” मग कुणाची सोसायटीची कामं निघाली, कुणाच्या नातवाच्या परीक्षा. कुणाची केव्हाही बदली व्हायची होती. तरी काहीतरी ठोस करायलाच हवं यावर एकमत झालं, आणि आठवडाभराने ते ठोस काय ते कळलं. वर्धापनदिनी काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा.

नलिनीताईंना फोनवर हसू आलं होतं. नंतर बेसिनशी उभ्या राहून त्या बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिल्या.

सभागृहात पोचेपर्यंत टॅक्सीत भालचंद्ररावांनी दोनदा दार उघडायचा प्रयत्न केला. नलिनीताईंनी नेहमीसारखं समजावलं नाही, नुसता हात धरून ठेवला. व्यासपीठावर त्यांना श्यामकांतांच्या शेजारी बसवलं. ते हाराची फुलं एकेक करून तोडायला लागले. पहिल्या रांगेत बसलेल्या नलिनीताई वाट बघत होत्या. आता उठतील, आता श्यामकांतांना म्हणतील, माझ्या किल्ल्या टाका. स्वतःच्या नवऱ्याची चारचौघांत शोभा व्हावी म्हणून देवाची आळवणी करणारी बायको मंडळाच्या इतिहासात तरी पहिलीच असावी.

शाल झाली, नारळ झाला. श्यामकांतांचं भाषण झालं. भालचंद्ररावांचा पाय हलायला लागला होता, ओठ पुटपुटायला लागले होते. नलिनीताईंना ती खूण ठाऊक होती. तेवढ्यात मधुरेने कौतुकाने माइक त्यांच्यापुढे धरला.

“काका, दोन शब्द बोलणार ना?”

माइक दिसला आणि भालचंद्ररावांचा पाय थांबला. ते उठले. खांद्यावरची शाल नीट केली, घसा खाकरला.

“सन्माननीय अध्यक्ष आणि रसिकहो. कार्यक्रम संपत आला की मंडळींचं लक्ष पानाकडे असतं, याची मला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा मी आपला फार वेळ घेणार नाही.”

सभागृह हसलं. ते हशा ओसरेपर्यंत थांबले. जिथे थांबायचं तिथेच बरोबर थांबले.

“मांडव घालणाऱ्यांचे, दिवाबत्ती करणाऱ्यांचे, स्वयंपाकघरात आपले हात पोळून घेणाऱ्या भगिनींचे मंडळ ऋणी आहे. कुणाचं नाव अनवधानाने राहून गेलं असेल, तर हे घरचंच कार्य समजून त्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.”

तीस वर्षं प्रत्येक गणेशोत्सवात शेवटचे आभार भालचंद्ररावांचे असत. हे तेच भाषण होतं, शब्दाचा फरक नव्हता. आज मांडव नव्हता आणि स्वयंपाक केटररचा होता, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नलिनीताईंच्या अंगावर काटा आला, अभिमानाचा, आणि त्या अभिमानाचाच त्यांना इतका संताप आला की टाळी वाजवायला उचललेले हात त्यांनी मांडीवर घट्ट दाबून धरले.

जेवणाच्या वेळी भालचंद्ररावांभोवती ही गर्दी. ते सगळ्यांना नमस्कार करत होते, “या एकदा घरी, आमच्या हिच्या हातचा चहा घ्यायला,” असं सांगत होते. सरलाबाई श्रीखंडाची वाटी घेऊन नलिनीताईंजवळ येऊन बसल्या.

“अहो, तुम्ही तर आम्हाला घाबरवूनच सोडलं होतंत.”

“घरी ते असे नसतात,” नलिनीताई म्हणाल्या.

“घरी कुणाचा नवरा असा असतो हो? आमच्या ह्यांना एकदा येऊन बघा.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. नलिनीताईंनी दंडावरची बाही वर करायला हात नेला होता. तो तसाच मागे घेऊन त्यांनी पदर सारखा केला.

श्यामकांत आले. “आमच्यापेक्षा धडधाकट आहेत की भालचंद्रराव! थोडं विसरायचं वयच आहे. तुम्ही फार मनाला लावून घेता.”

“काकू,” मधुरा म्हणाली, “ते वारांचं मी आज रात्री ग्रुपवर टाकणार होते, प्रॉमिस. पण आता काकांना बघून वाटतं, त्याची गरजच नाही. हो ना? त्यापेक्षा पुढच्या महिन्यात महिला शाखेत तुम्हीच बोला ना. आजारी माणसाची सेवा कशी करावी, असं काहीतरी. सगळ्यांना इन्स्पिरेशन मिळेल.”

नलिनीताईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी वाईट नव्हती. इथे कुणीच वाईट नव्हतं, आणि त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी, हा प्रश्न होता.

“बोलेन,” त्या म्हणाल्या. “दुपारी ठेव. पुढच्या महिन्यापासून दुपारी मी मोकळीच असेन.”

“म्हणजे काकांची कुठे सोय झाली?”

“झाली. बराकपूरला. तिथेच ठेवतात. भेटायला रविवारी जाता येतं.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं, टेन्शन घेऊ नका?” मधुरेने आनंदाने त्यांचा हात दाबला आणि तारीख बघायला मोबाइल काढला.

गर्दी पांगली तसे भालचंद्रराव हळूहळू नलिनीताईंपर्यंत येऊन पोचले. हनुवटीला श्रीखंड लागलं होतं. नलिनीताईंनी रुमालाने ते पुसलं, तर त्यांनी संकोचून मान मागे घेतली. मग यजमानाला शोभेल असे हात जोडले.

“आपली ओळख राहिलीच. आपणही या हं एकदा आमच्या घरी.”

“येईन,” नलिनीताई म्हणाल्या. “दर रविवारी येईन.”