तिसऱ्या मजल्यापर्यंतचे थेंब

भाईंदरला बिल्डिंगा भराभर उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी यायचं विसरलं. म्हणून केसरबाई पन्नाशी उलटल्यावरही टँकरच्या पाण्याचे हंडे तीन जिने चढवायच्या. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरलं होतं, नुसतं खोकलं तरी लघवी सुटायची. नवऱ्याला, कोंडिरामना, त्यांनी याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तीन दिवस टँकर फिरकला नाही. तरीही भर दुपारी कोरड्या जिन्यावर थेंब दिसले. वाळल्यावर त्यांचे पांढरे डाग पडायचे. मिठागरात बुडालेली बाई वर चढते, अशी कुजबुज सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्या मृणालिनीताई गिरगावातून आलेल्या, शिकलेल्या. त्यांनी केसरबाईंना गाठलं. "तुमच्यात भूतखेत मानत नाहीत ना? मग तुम्हीच सांगा, हे पाणी कसलं?"

"कोण जाणे, ताई. मलाबी काही उमगंना."

रोज बुद्धासमोर खोटं न बोलण्याचं शील घेणारी बाई ही! पण लाज मोठी वाईट. भूत न मानणाऱ्या केसरबाईच असं म्हणतात म्हटल्यावर कुणाला शंका उरली नाही. दारोदार लिंबू-मिरची लटकली.

दिवाळीनंतर त्रास असह्य झाला, तेव्हा त्या एकट्याच लेडी डॉक्टरकडे गेल्या. तिने अंग वर धरून ठेवणारी रिंग बसवली, जड उचलायला बंदी केली, लघवी रोखताना आवळतो तसं आवळून दहापर्यंत मोजायला शिकवलं. कोंडिरामना सांगावंच लागलं. हंडे ते आणू लागले. तीन महिन्यांत केसरबाई कोरड्या झाल्या.

आणि एका दुपारी जिन्यावर पुन्हा थेंब! केसरबाईंनी माग काढला. थेंब थेट त्यांच्या दारापाशी थांबले होते, कुणी बराच वेळ तिथे उभं राहिल्यासारखे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आपल्या खोट्याने जिला जन्माला घातलं ती मिठागरातली बाई जाब विचारायला आली, असं वाटून कडी लावूनही त्यांना धीर येईना.

चौथ्या दुपारी त्या दाराला कान लावून बसल्या. पावलं आली. थांबली. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. डोळे मिटून त्यांनी कडी काढली.

दारात मृणालिनीताई होत्या. साडीचा काठ ओला, ओठ सुकलेले.

"केसरबाई, ती माझ्या अंगात शिरलीय हो. पाणी प्यायचं सोडलं, तरी थेंब पडतातच. ह्यांना कळलं तर घराबाहेर काढतील. तुम्ही घाबरत नाही, म्हणून रोज इथवर येते नि तशीच परत जाते."

केसरबाईंना धरणी दुभंगावी असं झालं. हात धरून त्यांनी ताईंना आत घेतलं, तांब्याभर पाणी पुढे केलं.

"प्या आधी. ती बाई कधी नव्हतीच, ताई. मीच होते ती."

मृणालिनीताईंनी तांब्या तसाच धरून ठेवला. "मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

 केसरबाईंनी चपला पायात सरकवल्या.

"चला. दवाखाना चारला उघडतो."