ओळ संपेपर्यंत

मित्रांनो, मोबाइलवर आमच्या प्रार्थनाघराचा कार्यक्रम लावलात, की धर्मगुरूंच्या डाव्या हाताला एक पिवळा उजेड दिसेल. तो मी. मी एक जुनी हातपेटी आहे. भाता फाटलाय, म्हणून जरा तुटक सांगते.

सुताराने मला एका मोडक्या दाराच्या लाकडातून घडवलं. पितळी सूर घासून घासून जुळवले. "ही लांब श्वासाची होणार," म्हणाला.

तशी झालेही.

या घराची एक रीत होती. सगळ्यांत मागे रेंगाळणाऱ्याची ओळ संपेपर्यंत पुढची ओळ सुरू करायची नाही. मागे कायम पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या मावशीच. त्यांना धाप लागायची. मला वाजवणारे काका शेवटचा सूर धरून ठेवायचे, मी वारा पुरवायची, आणि सगळी माणसं गप्प उभी राहायची.

"आलात का, मावशी?" काका हळूच विचारायचे.

"आले रे. तुझ्या काय पाठीला वाघ लागलाय?"

मग काका गेले. बाकं ओस पडली. मग धर्मगुरूंनी सिनेमाच्या चालींवर प्रार्थना बसवल्या. स्पीकर आले, रंगीत दिवे आले, आणि खोटं कशाला बोलू, माणसंही आली. तरुण पोरी टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. मलाही आनंद

असो. माझे सूर उपटून आत बल्ब बसवला. "फ्रेममध्ये झकास दिसते," कॅमेरावाला म्हणाला.

परवा चित्रीकरण होतं. संगीत थांबलं, तरी मावशींची अर्धी ओळ एकटीच चालत राहिली. कुणीतरी फिसकन हसलं.

"मावशी, तुम्ही मागे राहताय," कॅमेरावाला म्हणाला.

"मी मागेच असते रे. तुम्ही थांबायचं असतं."

"ट्रॅक आधीच रेकॉर्ड केलेला असतो, तो कसा थांबणार, मावशी?"

धर्मगुरू जवळ आले. माणूस वाईट नाही. "मावशी, हे घर बंद पडत होतं. आता तुम्ही नुसते ओठ हलवा. देवाला कळतं."

"देवाला कळतं हो. मी पोचले की नाही, ते मला कसं कळणार?"

संगीत पुन्हा सुरू झालं होतं. मावशींनी चाचपडत माझी पट्टी दाबली. मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. सूर कुठला निघणार, बल्ब जरासा लुकलुकला.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. मला रोज पुसतात. सांगायचं होतं ते एवढंच, की कुणी मागे राहिलं तर

मावशी ओठ हलवताहेत. छान दिसताहेत. आम्ही दोघी छान दिसतो.