यंत्र भिजू नये म्हणून

पुतळाबाईचा काढलेला कांदा शेतात भिजत होता आणि त्याची ताडपत्री चावडीमागच्या सरकारी पर्जन्यमापकावर होती. ती तिथं नेली तिच्या धाकट्या दिरानं, मच्छिंद्रानं.

पूर्वी पाऊस मोजायचा तो तालुक्याच्या कचेरीत. शिपाई सकाळी भांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा आणि साऱ्या दौंड तालुक्यात तेवढाच पाऊस पडला, असं धरून चालायचं. आता गावातच यंत्र आलं. वर नरसाळं, आत इवलीशी वाटी. वाटी भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणं आपोआप पुण्याला कळतं. राखणीला गावानं मच्छिंद्राला नेमलं, कारण रिकामा तोच होता.

मोबाइलवर जोरदार पावसाचा इशारा आला, तसा हा राखणदार वहिनीची ताडपत्री उचलून पळाला. विजेवरचं यंत्र, भिजलं तर सरकारला काय तोंड दाखवायचं? भुलेश्वराच्या डोंगरावरून ढग उतरले आणि कांद्याच्या ढिगाखालून ओढा वाहिला.

दोन दिवसांनी विम्याचा साहेब आला. त्याच्या टॅबवर पाऊस शून्य होता. पाऊस नाही तर भरपाई नाही, असं त्यानं फार नम्रपणे समजावलं.

मच्छिंद्राची छाती फुगली. "थेंब सुदिक आत जाऊ दिला न्हाई, साहेब."

"ब्येस केलंत, भावजी," पुतळाबाई म्हणाली. "कांदा भिजला तर भिजू द्या. त्यो काय सरकारी न्हाई."

निदान माल तरी बघा, म्हणून तिनं साहेबाला बांधावरून खाली उतरवलं. काळ्या रानात त्याचा एक पाय नडगीपर्यंत गेला. तो काढायला जोर लावला, तर दुसराही गेला. मच्छिंद्र हात द्यायला धावला. तिनं त्याचा सदरा धरला.

"मावशी, हात द्या ना," साहेब म्हणाला.

"पाऊसच झाला न्हाई, तर तुम्ही रुतलाय कशात?"

बांधावर माणसं ऐसपैस बसली. टॅबमध्ये चिखल दाखवतंय का बघा, असं कुणीतरी काळजीनं सुचवलं. शेवटी साहेबानं कचेरीत फोन लावला.

"सर, पाऊस झालाय. भरपूर झालाय. नाही सर, यंत्र काहीही म्हणू दे, मी त्यातच उभा आहे."

मग पुतळाबाईनं त्याला ओढून बाहेर काढलं. एक बूट मात्र, पाहणी लिहून सही होईपर्यंत, तिनं आतच राहू दिला.