ठमाबाईची कोयती

मित्रांनो, मी एक जुनी कोयती आहे. नागावच्या एका वृद्धाश्रमात, कार्यालयातल्या काचेच्या कपाटात, औषधांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी पडून आहे. धार अजून शाबूत आहे, पण मूठ मात्र हातावाचून कोरडी पडली आहे.

उरणच्या एका लोहाराने मला घडवले. ठमाबाईच्या हातात मी चाळीस वर्षे होते. दिवसभर ती मिठागरावर राबायची आणि संध्याकाळी माडाच्या झावळ्यांचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या ताठ काड्या, काढून खराटे बांधायची. पुढे तिचे गुडघे गेले. मुलगा ट्रकवर, घरी बघायला कोणी नाही, म्हणून ती इथे आली. पिशवीत दोन लुगडी आणि मी.

इथे जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पण मधल्या अख्ख्या दिवसाचे काय करायचे, ते कोणी सांगेना. सगळी मंडळी भिंतीकडे बघत बसलेली. आवारात झावळ्या पडायच्या आणि जाळल्या जायच्या, तेव्हा ठमाबाईचा जीव तुटायचा. एके सकाळी तिने एक झावळी ओढली आणि मला पिशवीतून बाहेर काढले. आठवडाभरात तिच्याभोवती पाच जण बसू लागले. निवृत्त शिक्षक तात्या तर सगळ्यांच्या आधी हजर! जन्मभर खडू धरलेला माणूस, त्यांचे हीर मध्येच तुटायचे. ठमाबाई त्यांना हसायची आणि पुन्हा शिकवायची. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

मग एकदा तात्यांचे बोट कापले. जखम एवढीशी, पण तात्यांना तिचा कोण अभिमान! व्हिडिओ कॉलवर त्यांनी आपल्या मुलाला, सुश्रुतला, पट्टी बांधलेले बोट मिरवून दाखवले. सुश्रुत घाबरला. त्याने व्यवस्थापक कल्पिताताईंना फोन केला आणि त्याच दुपारी मी कपाटात गेले. ताई काही वाईट नाहीत. त्यांनी सगळ्यांसाठी रंगवायची पुस्तके आणली.

ठमाबाई रोज कार्यालयाच्या दाराशी येऊन माझ्याकडे बघायची. "मना बसून खायाची सवय न्हाय, बाय. माजी कोयती द्या," म्हणायची. ताई समजूत घालून तिला परत पाठवायच्या. बाहेरच्या बाकावर तात्या मान खाली घालून बसलेले असायचे. पुढे तिने मागणे सोडले, मग खोलीबाहेर येणेही सोडले. श्रावणात ती गेली.

तिचे रंगवायचे पुस्तक ताईंनी माझ्याशेजारी ठेवले. ठेवण्याआधी त्यांनी ते उघडून पाहिले. पोपटाच्या चित्रावर ठमाबाईने तपकिरी पेन्सिलीने सरळ उभ्या रेघा ओढल्या होत्या आणि वरच्या टोकाला त्या आडव्या रेघेने बांधल्या होत्या.

मित्रांनो, आजी-आजोबांना फक्त 'जेवलात का' असे विचारू नका. आज काय केलेत, तेही विचारा, आणि त्यांच्या हातांना त्यांचे काम मिळू द्या.

रोज सकाळी आवारात तिच्या शेवटच्या खराट्याचा आवाज येतो. तो झिजून वीतभर उरला आहे. मी कपाटात जाण्याआधीच तात्यांना हीर सरळ काढता येऊ लागले होते. कपाटाची चावी समोरच खिळ्याला टांगलेली आहे.