मुख्य अर्जदार

"मुख्य अर्जदार तुम्ही नाही, तुमची बहीण राहील," बँकेतल्या बाई कागद चाळत म्हणाल्या. "त्यांचा पगार तुमच्या मिळकतीपेक्षा बराच जास्त आहे."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. "मॅडम, तुमची गल्लत होतेय. डॉक्टर हा आहे. ती नर्स आहे."

"हो काका, तेच लिहिलंय इथे."

ताईने मान खाली घातली. घराच्या गळक्या छपरासाठी बहीणभाऊ मिळून कर्ज काढायला आले होते. ही गोष्ट अशी चारचौघांत उघडी पडेल, असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात तिची उमेदीची वर्षं गेली होती. नोकरी सांभाळून तिने त्याचं वेगळं शिक्षण घेतलं. असं काम येणाऱ्या नर्स शोधूनही मिळत नाहीत, म्हणून रुग्णालय तिचा पगार वाढवत राहिलं. धाकटा मात्र गल्लीतल्या दवाखान्यात सर्दी-ताप बघत होता, आणि त्याचे निम्मे पेशंट 'पुढच्या खेपेला देतो' म्हणणारे. बाबांनी शिवणकामाचं दुकान विकून त्याला डॉक्टर केलं होतं. त्यामुळे घरात पगाराचा विषय निघाला, की ताईला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं.

सह्या झाल्या. बाबा तरातरा पुढे निघून गेले.

"एवढी श्रीमंत आहेस आणि मला बसने आणलंस?" धाकटा म्हणाला.

"रागावलास ना?"

"टोचलं थोडं. खोटं कशाला बोलू? पण त्या बाई बोलल्या, तेव्हा सगळ्या बँकेला ओरडून सांगावंसं वाटलं, की ही माझी ताई आहे."

"गप रे, वेड्या."

बसथांब्यावर बाबा बाकावर बसले होते. ती शेजारी टेकली. ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुलाही डॉक्टर व्हायचं होतं का गं?"

"नाही हो, बाबा." तिने कर्जाचे कागद पिशवीत सारले. "आता आठवतही नाही."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या विभागातली एक मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, बाहेर कुणी आजोबा आलेत. काही विचारलं तर बोलत नाहीत, नुसते उभे आहेत."

ताईने वळून पाहिलं. काचेपलीकडे बाबा होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते इथे आले होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, चपला कुणी न सांगताच दाराबाहेर काढलेल्या.

तिला बाहेर जाता येईना. तिचे दोन्ही हात बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीच्या झरोक्यांतून आत होते. तळहाताएवढं बाळ श्वास घ्यायचं विसरत होतं, आणि ती एका बोटाने त्याच्या तळपायाला हळूच आठवण करून देत होती. तिने मानेनेच बाबांना 'थांबा' म्हणून खुणावलं.

त्यांनी घाईघाईने हात हलवला. चालू दे, चालू दे.

आणि ते काचेच्या आणखी जवळ सरकले. त्यांच्या श्वासाने काच धुरकट होत होती. ते सदऱ्याच्या बाहीने ती पुसत होते आणि पुन्हा बघत होते.